अन्नावरची वासना

परवा आत्याला दवाखान्यात घेऊन गेले होते. ऐंशी कधीच ओलांडलेली, अंगाने पाप्याचं पितर, पण आवाज वाड्याच्या चौकात घुमायचा तसाच अजून. डॉक्टर तरुण होता, अदबशीर. "माताजी, क्या तकलीफ है?" म्हणत खुर्ची पुढे ओढून बसला. आत्याने पदर सारखा केला आणि सगळं आयुष्य इंदुरात काढलेल्या मराठी बाईच्या ठसक्यात सांगितलं, "डॉक्टरसाब, महिना हो गया, खाने पर वासना ही नहीं रही." बाकावरच्या लोकांनी माना वर केल्या. डॉक्टरचं पेन कागदावर टेकलं होतं ते तिथेच थांबलं. कंपाउंडर खोकल्यासारखं काहीतरी करून कॅलेंडरकडे बघत राहिला आणि मग त्यानेच बाजू सावरली, "भूख नहीं लगती, सर, माताजी को." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. भूक वाढायचं सिरप लिहून मिळालं, नमस्कार-चमत्कार झाले. रिक्षात बसल्यावर आत्या बाटली उलटसुलट करत म्हणाली, "भलतंच औषध दिलंय गं. भूक लागते मला. अकरा वाजले की पोटात कावळे ओरडतात. ताट समोर आलं की वासना होत नाही, त्याचं काय?"

त्याचं काय, हे मलाही सांगता येईना.

आमच्या घरात हा शब्द मीठ-मोहरीइतका रोजचा होता. तापातून उठलेल्या पोराला आजी विचारायची, "कशावर वासना आहे तुझी? मऊ भात देऊ की सार करू?" घरात कुणी गेलं की पुढचे काही दिवस मोठ्या माणसांची अन्नावरची वासना उडालेली असायची. पोळीचा तुकडा मोडून ताटातच राहायचा आणि त्यांना कुणी आग्रह करायचं नाही. भूक ही पोटाची गोष्ट. तिला शिळं चालतं, उभ्याने खाल्लेलं चालतं, घड्याळ चालतं. वासना त्या घासाकडे हात जाण्याच्या आधीची. फोडणीचा वास नाकात शिरल्यावर आतून जे काही उठून बसतं ते. ते उठलं नाही तर पोट रिकामं असूनही घास तोंडात फिरत राहतो. दोन्हींना एकच शब्द वापरला की दोन्हींवर एकच सिरप निघतं, हे त्या बाटलीकडे बघताना कळत होतं.

पण हा शब्द मीही आता चारचौघांत काढत नाही. मुलाला "कशावर वासना आहे?" असं विचारलं तर तो घर सोडून जाईल. हिंदीत वासना म्हणजे जे आहे ते आहे. सिनेमाच्या पोस्टरवर लाल अक्षरात यायचं ते. इंदुरात वाढलेल्या मराठी मुलीला बाहेरची हिंदी फार लवकर शिकवते की घरातले कोणते शब्द उंबऱ्याच्या आतच ठेवायचे. सगळा दोष हिंदीच्या माथी मारण्यातही अर्थ नाही. पुण्यातल्या वर्तमानपत्रातही 'वासनांध' हा शब्द आता एकाच प्रकारच्या बातमीत येतो आणि तिथल्या माझ्या मावसबहिणीही हा शब्द टाळतात. समर्थांनी 'मना वासना दुष्ट कामा नये रे' म्हटलं, तेव्हा त्यांना वासनेच्या पुढे 'दुष्ट' असं वेगळं लिहावं लागलं होतं. म्हणजे दुष्ट नसलेलीही एक वासना ऐकणाऱ्याच्या घरात होती. आता ते विशेषण गळालंय, कारण शब्दाच्या पोटातच शिरून बसलंय.

शास्त्रांत तर हा शब्द आणखी वेगळ्याच कामाला होता. योगसूत्रांत वासना म्हणजे केलेल्या-भोगलेल्याचा चित्तात मागे राहिलेला ठसा. हिंगाची डबी रिकामी करून, घासून, उन्हात ठेवली तरी ती हिंगाचीच डबी राहते, तसं काहीसं. कोणी हा शब्द 'वस्'वरून, राहण्यावरून लावतात, तर कोणी वास लागण्यावरून, सुगंधित करण्यावरून. मला अर्थात दुसरी व्युत्पत्ती आवडते, कारण तिला स्वयंपाकघर माहीत आहे. म्हणजे मुळात वासना पुढच्या गोष्टीची नव्हतीच, मागच्या गोष्टीची होती. एकदा खाल्लेल्या, आवडलेल्या, अंगात मुरलेल्या गोष्टीने पुन्हा बोलावणं धाडलं की तिला आपण इच्छा म्हणायला लागलो. आत्याची वासना उडाली याचा अर्थ मग फक्त आज जेवावंसं वाटत नाही एवढाच होत नाही. आयुष्यभराची जेवणं तिला हाक मारेनाशी झाली आहेत. हा अर्थ लागला त्या रात्री मला नीट झोप आली नाही.

आजोबांच्या दहाव्याला उज्जैनला क्षिप्रेवर कावळा शिवेना. ऊन चढत होतं, पिंड सुकायला लागले होते. गुरुजी म्हणाले, "वासना राहिली असेल काही, आठवून बघा." तिथे कुणी खोकलं नाही. काकांनी हात जोडून धाकट्याच्या लग्नाचं वचन दिलं, वाड्याचं भांडण मिटवतो म्हणाले, आजीला कधी अंतर देणार नाही म्हणाले. कावळे आपले घाटाच्या पायऱ्यांवर इकडून तिकडे. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की पथ्यामुळे शेवटची वर्षं आजोबांना कचोरी मिळाली नव्हती. पोरं पळत जाऊन घेऊन आली, पुडी सोडली, आणि पहिला कावळा उतरला. तेलकट वासाला कावळा येणारच, हे मला तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं. तरी काकांचा चेहरा त्या क्षणी जसा निवळला तो मी विसरलेले नाही. मेलेल्या माणसाला निःसंकोचपणे वासना असू शकते. जिवंत म्हातारीला मात्र तोंड सांभाळून बोलायचं.

लोभाचंही असंच झालं. ग्वाल्हेरच्या काकांची पोस्टकार्डं यायची. शेवटच्या ओळीला हमखास 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा' किंवा नुसतं 'लोभ असावा ही विनंती'. जुन्या ट्रंकेत त्यातलं एक माझ्या मुलाला सापडलं. शाळेत 'लालच बुरी बला' घोकलेला तो. "आई, हे आजोबा स्वतःच लोभ मागतायत?" त्याला हसू आवरेना. षड्रिपूंच्या रांगेत तिसरा उभा असलेला लोभ आपण पत्राच्या शेवटी नात्यागोत्याच्या माणसांकडे मागून घेत होतो, तान्ह्या बाळाला लोभस म्हणत होतो, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं. माझ्यावर लोभ करा, म्हणजे माझ्यासाठी थोडे हावरे व्हा, मी आले की मला लवकर जाऊ देऊ नका. मायेपेक्षा हे थोडं जास्त आहे, थोडं स्वार्थीही आहे, म्हणून खरं वाटतं. आता 'टेक केअर'वर भागतं.

उलट दिशेने सुटलेला शब्द हौस. अरबी 'हवस' फारसीतून इकडे आली. हिंदी-उर्दूत ती पार बदनाम झाली आणि मराठीत तिचं नाव पडलं हौस. एकाच आईच्या दोन मुली, एक इकडे दिली, एक तिकडे. आमच्याकडे तिला पैठणी मिळाली, बारसं-मुंज-मंगळागौर मिळाली, 'हौसेला मोल नाही' अशी म्हण मिळाली. इंदुरात मराठी नाटकं करणारी मंडळी बँकेतून, शाळेतून, दुकानातून सुटून तालमीला येतात आणि स्वतःला 'हौशी कलाकार' म्हणवतात. हे शब्दशः हिंदीत करून सांगायला गेलं तर पोलीस येतील. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात, गिरण्या बंद पडून जमाना झाला तरी निघतात, तेव्हा फुटपाथवर सतरंजी टाकून रात्र काढणाऱ्या गर्दीकडे बघून आजी म्हणायची, "हौशे, नवशे, गवशे." हौशे दिवे बघायला आलेले, नवशे काही बोलून बसलेले, गवशे काही हाती लागतंय का बघत फिरणारे. गर्दीची इतकी चोख जनगणना मी दुसरी पाहिली नाही. यातले नवशे खजराण्याच्या गणपतीलाही भेटतात. देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढायचा आणि मनातलं झालं की येऊन सुलटा काढायचा. त्या भिंतीपाशी उभं राहिलं की वाटतं, नोकरी, मूल, व्हिसा, कोर्टाची तारीख, सगळ्यांची खूण एकच. देवाला वाचता येत असेल बहुतेक.

हे सगळं डोक्यात घोळत असताना भाजी निवडता निवडता मला एक नाद लागला. कोणतीही इच्छा घ्यायची आणि ती संपते कशी, त्याचं क्रियापद शोधायचं. शब्दकोशात अर्थ एकमेकांच्या अंगावर पडतात. इच्छा म्हणजे वांछा, वांछा म्हणजे अभिलाषा, अभिलाषा म्हणजे परत इच्छा. क्रियापदं मात्र कडक. तहान भागते, भूक भागते. इच्छा पुरते. आस तुटते. मोह आवरावा लागतो, तो आपण होऊन जात नाही. नाद लागतो तसा सुटतो. ध्यास मात्र घ्यावा लागतो, तो लागला तरी आपण घेतला असंच म्हणतो, कारण त्याचं श्रेय हवं असतं. आणि हौस फिटते. फिटणं हा काय गंमतीचा शब्द आहे. कर्ज फिटतं, ऋण फिटतं, पांग फिटतात, डोळ्यांचं पारणं फिटतं, आणि नेसलेलं लुगडंही फिटतं. गाठ मोकळी होते. हौस म्हणजे आपणच आपल्याकडून घेतलेलं कर्ज, चुकतं केलं की गाठ सुटली, पुन्हा त्या दारात जायला नको.

आणि हाव?

हाव सुटते. म्हणजे सुरू होते. वारा सुटतो, घाम सुटतो, पोट सुटतं, तशी हाव सुटते. संपण्यासाठी तिला क्रियापदच नाही. हाव भागली, फिटली, पुरली असं मराठीत कुणी म्हणून बघावं, जीभ अडखळते. ती 'संपत नाही' एवढंच म्हणता येतं, तेही नकारात. कुठल्या एका व्याकरणकाराने हे ठरवलं नाही. कोण जाणे किती पिढ्यांनी माणसं बघितली आणि निमूटपणे तो रकाना रिकामा ठेवला.

याचा दाखला बघायला आमच्याकडे सराफा आहे. दिवसा सोन्याची दुकानं. ती मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया लागतात. भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात तळलेला गराडू कंद, ताटलीएवढा जलेबा, वर जीरावन मसाला, आणि रात्री दीडला बायकापोरांसकट उभी असलेली माणसं. माझ्या आईने तिथूनच ठुशी घेतली. शिवणकामाचे पैसे साठवून, बाबांकडून एक पैसा न घेता, सोनाराला नमुना कागदावर काढून देऊन. घरी आल्यावर आरशासमोर उभी राहिली, मान वळवून दोन्ही बाजूंनी बघितलं, म्हणाली "फिटली हौस," आणि ठुशी काढून मखमली पेटीत ठेवली. पुढे क्वचितच घातली. लोक म्हणायचे, मग घेतली कशाला? त्याच दुकानात तिच्या शेजारी बसलेले आमचे एक दूरचे नातलग दर धनत्रयोदशीला बिस्किट घ्यायचे, मग बायपासला प्लॉट, मग सुपर कॉरिडॉरला प्लॉट. फार सज्जन माणूस, अडीअडचणीला उभे राहणारे, मी त्यांच्याविषयी वाईट बोलणार नाही. पण त्यांना कधी आरशासमोर मान वळवताना पाहिलं नाही. सराफ्यात रात्री जलेबा खाताना मात्र ते लहान मुलासारखे दिसायचे, पाक कोपरापर्यंत ओघळलेला. तेवढ्यापुरतं काहीतरी फिटत असावं.

वांछा हा शब्द तर बिचारा वाया गेला. पसायदानात ज्ञानोबांनी सगळ्या जगासाठी मागताना 'जो जे वांछील तो ते लाहो' म्हटलं, आणि आज आमच्या मध्य प्रदेशात 'वांछित' म्हणून फोटो लागतो तो फरार आरोपीचा.

मात्र 'पाहिजे'वर माझं फार प्रेम आहे. 'मी पाहिजे' असं कुणी म्हणत नाही, मला पाहिजे. पाहिजे हे 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप, ज्ञानेश्वरीतल्या 'कीजे', 'दीजे'च्या कुळातलं. पाहिलं जावं, शोधलं जावं असं काहीतरी. म्हणजे हवं असणं मी करत नाही, ते माझ्याकडे येतं, मी नुसती पत्ता. आमच्या शेजारच्या हिंदीतलं 'चाहिए'ही बांधणीने असंच आहे. तेव्हा वासनेच्या बाबतीत दोन भाषांमध्ये कितीही बेबनाव असो, मागण्याच्या मुळाशी दोघी एकमेकींच्या शेजारणीच.

शेजारणीवरून आठवलं. आत्याची बाटली टेबलावर न उघडलेली पडली होती तेव्हा समोरच्या घरातली भाभी आली. अस्सल माळव्यातली, तिला मराठीचं 'या, बसा' एवढंच येतं. ताट तसंच परत जाताना बघून ती आत्याच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "मन नी कर रिया क्या, काकी?" आत्याने मान हलवली. झालं, पोचलं. जे मला मराठी-हिंदी दोन्ही येऊन डॉक्टरला सांगता आलं नव्हतं ते तिने अर्ध्या वाक्यात ओळखलं. आम्ही इंदूरचे लोक मराठीतही 'आज माझं मन करत नाही' म्हणतो, आणि पुण्याची पाहुणे मंडळी त्यावर गालात हसतात. इच्छा होत नाही म्हणा, म्हणतात. पूर्वी मी ओशाळायचे. आता वाटतं, वासना शब्द उंबऱ्याबाहेर काढता येईना तेव्हा त्याच्या जागी कुणीतरी हे 'मन करणं' शेजारून वाटीभर आणलं असणार, आणि चांगलंच केलं. आत्या भाभीने आणलेल्या दालबाफल्यातला बाफल्याचा एक कोपरा मोडून खाते हल्ली. कधी नुसती वाटी हातात धरून बसते. वासना परत आली असं मी म्हणणार नाही. सिरप अजून तसंच आहे.

एका इच्छेला मात्र दोन्हीकडे पूर्ण इज्जत आहे, ती म्हणजे डोहाळे. संस्कृतातला 'दोहद', त्याचंच दुसरं रूप 'दौहृद'. सुश्रुताने म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, बाईला दोन हृदयं होतात, म्हणून ती दौहृदिनी, आणि तिची मागणी अडवू नये. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त, म्हणजे आमच्याच राज्यातल्या विदिशेच्या राजवाड्यात, न फुलणाऱ्या अशोकालासुद्धा डोहाळे आहेत. त्याला सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श हवा, आणि राणी झोपाळ्यावरून पडून पाय दुखावून बसलेली, म्हणून मालविकेला पाठवतात. पुढचं सगळं नाटक त्या लाथेने घडतं. डोहाळ्यांचं क्रियापदही बघा. ते लागतात एकीला आणि पुरवायचे बाकीच्यांनी. स्वतःचे डोहाळे स्वतःच पुरवले असं कुणी म्हणत नाही. एरवी मुलीने काही मागितलं की डोळे वटारणारी घरं त्या नऊ महिन्यांत चिंचा-बोरं शोधत फिरतात. बाईला हवं असण्याची परवानगी मिळते ती दुसऱ्याच्या हृदयाच्या नावावर, हे मला नेहमी खटकत आलंय, आणि तरी डोहाळजेवणाला सगळ्यांत आधी जाऊन फुलांची वाडी गुंफायला बसते तीही मीच.

गेल्या महिन्यात भाच्याच्या बायकोचं डोहाळजेवण झालं. मुलगी देवासकडची, हिंदीभाषक, नोकरी करणारी, सातवा महिना. चंद्रकोरीच्या मखरात बसवली, धनुष्यबाण हातात दिला, फोटो झाले. कुणी पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या पुढे केल्या. मग माझ्या वहिनीने मोठ्या हौसेने विचारलं, "सांग गं, कशाचे डोहाळे लागलेत? मागशील ते करते." मुलीने सगळ्यांकडे एकदा बघितलं. कैरी म्हणेल, सराफ्याची शिकंजी म्हणेल, असा बायकांचा अंदाज. ती म्हणाली, "आई, मला फक्त झोपायचंय." खोलीत हशा पिकला. एकीला भिकेचे डोहाळे ऐकून माहीत होते, झोपेचे पहिल्यांदाच ऐकत होती. दुसरी म्हणाली, ही काही इच्छा नाही, हा थकवा आहे. तिसरीचं म्हणणं, आमच्या वेळी असं म्हणायची सोय नव्हती. यावर बराच वेळ काथ्याकूट चालला. मुलीची आई इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसली होती, मराठी फारसं न कळून. ती उठली, मखरातली फुलं बाजूला सारली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तो सोने दो ना उसको. गोद शाम को भर लेंगे."